यंत्र वाजलं, पुढे काय?

मेटल डिटेक्टर म्हटलं की आजवर डोळ्यांपुढे यायचं ते गडचिरोलीच्या रस्त्यावर पोलिसांच्या गाड्यांपुढे चालणारं बॉम्बशोधक पथक. आता त्याच तत्त्वावर चालणारं हौशी यंत्र काही हजार रुपयांत चिमूरसारख्या तालुक्याच्या गावीही कुरिअरनं घरपोच येतं. एक लांब दांडा, टोकाला गोल चकती, मुठीजवळ काटा किंवा आकडे दाखवणारी डबी आणि कानाला हेडफोन, एवढाच त्याचा पसारा. विकणारे मात्र यंत्रासोबत नाण्यांची, अंगठ्यांची, तलवारीच्या मुठींची चित्रं दाखवतात. चिमूरच्या आसपास घेणाऱ्याला जागेची वाणही नाही. बल्लारपूर आणि चंद्रपूरचे गोंड राजांचे किल्ले, वैरागड आणि माणिकगडचे तट, भद्रावतीची लेणी, वैनगंगेकाठची मार्कंड्याची देवळं ही झाली नावाजलेली ठिकाणं. शिवाय गावोगावच्या शिवारांत एखादं रिठ असतं, म्हणजे कधीकाळी नांदून उठून गेलेलं गाव. तिथली राखट पांढरी माती अजून सांगते की इथे चुली पेटत होत्या. असं यंत्र विकत घ्यायला परवाना लागत नाही. प्रश्न सुरू होतो तो यंत्र वाजल्यावर.

या यंत्राविषयी साधारण दोन सूर ऐकू येतात. एक कौतुकाचा: इतिहास काय फक्त विद्यापीठांनी शोधायचा, सामान्य माणसानं शोधला तर बिघडलं कुठे? दुसरा धाकाचा: हे सगळं बेकायदा आहे, यंत्रंच जप्त करा. मला दोन्ही अपुरे वाटतात. स्वस्त यंत्रानं नवा लोभ जन्माला घातलेला नाही. गुप्तधनाचा लोभ या भागात फार जुना आहे. यंत्रानं त्याला फक्त वेग दिला. त्यातून होणारं नुकसान थांबवायचं तर सापडलेली वस्तू उजळ माथ्यानं नोंदवता येईल अशी जागा तालुक्यात हवी, आणि ती आज नाही. ती होईपर्यंत जंगलात, गडावर आणि रिठावर हे यंत्र नेऊच नये. स्वतःच्या वावरात नेलं तरी नोंदीशिवाय फिरवू नये. हे म्हणणं नीतीच्या उपदेशावर उभं नाही. यंत्र काय करू शकतं, इथल्या मातीत काय आहे आणि आपला कायदा काय मोजतो, या तीन गोष्टींवर ते उभं आहे.

आधी यंत्र. १८८१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली, तेव्हा टेलिफोनच्या अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी शरीरातली गोळी शोधायला विद्युतचुंबकीय उपकरण तयार करून पाहिलं. ते अपयशी ठरलं, आणि खाटेतल्या लोखंडी स्प्रिंगांनी घोटाळा केला असं त्याचं एक कारण सांगितलं जातं. दुसऱ्या महायुद्धात भूसुरुंग शोधायला हेच तत्त्व कामी आलं, आणि युद्धानंतर उरलेल्या यंत्रांतून पाश्चात्त्य देशांत हौशी शोधकांची पिढी तयार झाली. आजच्या स्वस्त यंत्राच्या चकतीत तारेची दोन वेटोळी असतात. एक वेटोळं जमिनीत बदलतं चुंबकीय क्षेत्र सोडतं. खाली धातू असेल तर त्यात भोवऱ्यांसारखे विद्युतप्रवाह उठतात आणि त्यांचा प्रतिसाद दुसरं वेटोळं टिपतं. प्रतिसाद किती उशिरा आला यावरून लोखंड की तांबं-चांदी, असा अंदाज यंत्र बांधतं. अंदाज हा शब्द इथे महत्त्वाचा. सोन्याची बारीक अंगठी आणि गुटख्याच्या पुडीतला चंदेरी कागद यांचे प्रतिसाद एकमेकांच्या इतके जवळ येतात की कान आणि काटा दोन्ही फसतात. नाण्याएवढी वस्तू साधारण वीतभर खोलीपर्यंत कळते. जमिनीत लोहांश जास्त असेल तर तेवढीही नाही. आपल्या पट्ट्यात लोहाऱ्याच्या टेकडीपासून सूरजागडपर्यंत लोहखनिज आहे, त्यामुळे माती स्वतःच यंत्राशी बोलत राहते. वावरात ते फिरवलं तर बैलाची नाल, मोडका फाळ, सायकलचा नट, बाटल्यांची बुचं यांचीच रास जमते.

या गोंगाटाला कंटाळून बहुतेकजण पहिल्याच तासात एक बटण दाबतात: लोखंड वगळा. यंत्राच्या पुस्तिकेतही सोय म्हणून त्याचं कौतुक असतं. विदर्भाच्या बाबतीत मात्र हे बटण दाबणं म्हणजे इतिहासाच्या गाभ्यालाच कान बंद करणं आहे. या प्रदेशाची सर्वांत वेगळी प्राचीन संस्कृती म्हणजे शिळावर्तुळांची, मोठमोठ्या गोट्यांच्या रिंगणात माणसं पुरणाऱ्यांची. नागपूरजवळच्या माहुरझरीत शां. भा. देव यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी उत्खनन केलं, तेव्हा माणसासोबत पुरलेला घोडा मिळाला, त्याच्या तोंडावरचे तांब्याचे अलंकार मिळाले आणि लोखंडाची हत्यारं-अवजारं मिळाली. नैकुंडला तर लोखंड गाळण्याच्या भट्टीचे अवशेषच हाती लागले. म्हणजे सुमारे अडीच-पावणेतीन हजार वर्षांपूर्वी इथला माणूस खनिज वितळवून कुऱ्हाडी, छिन्न्या, लगाम घडवत होता. त्या लोकांचा इतिहास गंजलेल्या, फुगलेल्या, ओळखू न येणाऱ्या लोखंडात आणि भट्टीच्या मळात साठलेला आहे. हौशी यंत्र नेमकं तेच कचरा म्हणून बाजूला सारतं. आणि जे धातूचं नाही त्यावरून ते मुकाट पुढे जातं. चिमूरला लागून असलेल्या नागभीड तालुक्यातल्या देवटेकच्या शिळेवर अशोककालीन लिपीत प्राण्यांच्या हत्येला मनाई करणारा लेख आहे, आणि त्याच शिळेवर पुढे वाकाटक राजा रुद्रसेनाचा लेख कोरला गेला. या परिसरातल्या सर्वांत मोलाच्या अवशेषांपैकी तो एक. त्या शिळेवरून चकती फिरवली असती तर हेडफोनमध्ये काहीच वाजलं नसतं.

या मर्यादा ठाऊक नसल्या की यंत्राची जागा मांत्रिक घेतो, किंवा मांत्रिकाच्या हातात यंत्र येतं. पायाळू माणसाला जमिनीखालचं धन दिसतं, नाग त्यावर पहारा देतो, अमावास्येला ते जागा बदलतं, या समजुती आपल्याकडे मुरलेल्या आहेत. त्यांतून माणसांचे बळी गेले आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या खुनानंतर २०१३ मध्ये महाराष्ट्रात जो जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्याच्या अनुसूचीत गुप्तधनाच्या शोधासाठी केलेली अमानुष कृत्यं स्पष्टपणे आली. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. आता त्याच बाजारात दोन सळयांची, लांब पल्ल्याची ‘गोल्ड लोकेटर’ म्हणवणारी यंत्रं विकली जातात. कित्येक मीटर अंतरावरून आणि खोलवरचं सोनं दाखवण्याचा त्यांचा दावा भौतिकशास्त्राला धरून नाही. अशाच बनावट यंत्रांनी जगात केवढा अनर्थ केला याचा दाखला इराकचा आहे. गोल्फचे चेंडू शोधण्याचं खेळणं म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूवरून बेतलेलं एडीई ६५१ नावाचं निरुपयोगी साधन बॉम्बशोधक म्हणून इराकी सरकारला विकलं गेलं, नाक्यानाक्यावर जवानांनी ते हातात धरलं, आणि विक्रेता जेम्स मॅककॉर्मिक याला २०१३ मध्ये ब्रिटनमध्ये दहा वर्षांची कैद झाली. खरं मेटल डिटेक्टर निदान वीतभर खोलीचं खरं सांगतं. एवढा फरक लोकांना समजावून सांगितला तरी गुप्तधनाच्या धंद्यातली बरीच हवा जाईल.

आता मुख्य मुद्दा. वस्तू सापडण्याला महत्त्व आहे, पण ती कुठे, किती खोलीवर, कशाच्या शेजारी सापडली हे हरवलं तर वस्तू असून नसल्यासारखी होते. याचं महाराष्ट्रातलं सर्वांत ठसठशीत उदाहरण दायमाबादचं. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी १९७४ मध्ये छबू लक्ष्मण भिल्ल या शेतकऱ्याला झुडपाची मुळं खणताना काशाच्या चार वस्तू मिळाल्या: हत्ती, गेंडा, रेडा आणि दोन बैलांचा रथ, त्यावर उभा माणूस. एकूण वजन साठ किलोंहून जास्त. भारतीय शिल्पकलेच्या इतिहासात त्यांची जागा पक्की आहे. पण त्यांचं वय? अनेक जाणकारांनी त्या उत्तर हडप्पा काळातल्या मानल्या, डी. पी. अग्रवाल यांनी धातूतल्या आर्सेनिकच्या प्रमाणाकडे बोट दाखवून शंका घेतली. नंतर तिथे शास्त्रशुद्ध उत्खननं झाली, तरीही वाद पुरता मिटला नाही, कारण वस्तू बाहेर निघाल्या त्या क्षणी भोवतालची माती वाचणारं कुणी तिथे नव्हतं. त्या शेतकऱ्याचा यात काडीचा दोष नाही. वस्तू टिकल्या हेच मोठं. पण जे दायमाबादला अपघातानं झालं तेच हौशी यंत्रवाला ठरवून, रोज, ठिकठिकाणी करत असतो. खड्डा खणतो, वस्तू उचलतो, खड्डा बुजवतो. घरी नेलेली वस्तू धुऊन चकचकीत होते आणि तिचा पत्ता कायमचा पुसला जातो.

याच्या उलट जिथे सापडलेलं सगळंच्या सगळं एकत्र राहिलं तिथे काय मिळतं, हे तऱ्हाळ्यानं दाखवलं. तेव्हाच्या अकोला जिल्ह्यातल्या मंगरूळपीरजवळच्या या गावी १९३९ मध्ये सुमारे सोळाशे पोटीन नाणी निघाली. पोटीन म्हणजे तांबं, शिसं, कथील यांचा स्वस्त मिश्रधातू. सोनाराच्या लेखी जवळजवळ शून्य. वासुदेव विष्णु मिराशी यांनी तो साठा वाचला तेव्हा त्यांत सातवाहनांचे असे राजे निघाले ज्यांची नावं पुराणांच्या याद्यांतही नव्हती: कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी. यातली चारदोन नाणी कुणी खिशात घातली असती, बाकीची शहरातल्या व्यापाऱ्याला सुटी विकली असती, तर एखादा राजाच इतिहासातून गळून पडला असता. त्याच १९३९ मध्ये वाशीमला मिळालेल्या ताम्रपटानं वाकाटकांची वत्सगुल्म शाखा स्वतंत्र असल्याचं उलगडलं. आणि चंद्रगुप्त दुसरा याची मुलगी, वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता हिचा प्रसिद्ध पुणे ताम्रपट अभ्यासकांच्या हाती आला तो एका तांबट कुटुंबाकडून. भट्टीच्या इतक्या जवळ पोचलेले किती पत्रे वितळून हंडे-कळशा झाले असतील, याचा हिशेब कुणालाच लावता येणार नाही. तांब्याच्या पत्र्याला भंगारात किलोवर भाव मिळतो, त्यावरच्या अक्षरांना मिळत नाही. यंत्राला मात्र हे पत्रे सहज ऐकू येतात, कारण तांबं उत्तम वाहक आहे. म्हणजे भाग्य आणि धोका दोन्ही एकाच आवाजात.

मग यंत्राला अभ्यासात जागाच नाही का? आहे, आणि चांगली आहे. अमेरिकेत लिटल बिगहॉर्नच्या रणांगणावर १८७६ मध्ये अमेरिकी लष्कराच्या कस्टरच्या फौजेचा लाकोटा आणि शायेन योद्ध्यांनी पाडाव केला होता. १९८३ मध्ये तिथलं गवत वणव्यात जळालं. पुढच्या वर्षी डग्लस स्कॉट आणि रिचर्ड फॉक्स या पुरातत्त्वज्ञांनी हौशी डिटेक्टरवाल्यांनाच स्वयंसेवक म्हणून बोलावलं, त्यांना एका रांगेत ठरावीक अंतरावर चालवलं आणि जिथे आवाज आला तिथे फक्त झेंडा रोवायला सांगितलं. खणणारे आणि मोजणारे मागून आले. प्रत्येक काडतूस, प्रत्येक गोळी नकाशावर चढली. काडतुसांवरच्या खुणांवरून एकच बंदूक रणांगणात कुठून कुठे सरकली हे कळलं, आणि कस्टरची फौज शेवटच्या माणसापर्यंत टिच्चून लढल्याच्या दंतकथेला जबर धक्का बसला. आपल्याकडेही अशी ठिकाणं आहेत. १८५८ च्या मार्च-एप्रिलमध्ये वीर बाबूराव शेडमाके यांच्या गोंड सैन्यानं नांदगाव-घोसरी, सगनापूर, बामनपेठ इथे इंग्रजांशी लढाया दिल्या. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला चंद्रपूरला त्यांना फाशी झाली. या लढ्याची लेखी हकिकत मुख्यतः हरवणाऱ्या शत्रूनं लिहिलेली आहे. गोंडांची बाजू कुठल्या टेकाडावर होती, मारा कुठून झाला, हे मातीतलं शिसं सांगू शकेल, पण ते जागच्या जागी मोजलं तरच. चार हौशी लोकांनी चार गोळ्या उचलून शोकेसमध्ये ठेवल्या तर ती बाजू दुसऱ्यांदा गप्प होईल.

खुद्द चिमूरच्या बाबतीत कायद्यात एक फट आहे. १६ ऑगस्ट १९४२ ला इथे गोळीबार झाला, बालाजी रायपूरकर हा तरुण हुतात्मा झाला, संतप्त जमावाच्या हातून अधिकारी मारले गेले, आणि त्यानंतर गावानं जे भोगलं त्याच्या न्यायासाठी प्रा. भन्साळींना प्रदीर्घ उपोषण करावं लागलं. त्या दिवसांची एखादी वस्तू आज जमिनीतून निघाली तर पुरावस्तू आणि कलानिधी अधिनियम, १९७२ तिला ओळखत नाही, कारण त्या कायद्यानं पुरावस्तूला किमान शंभर वर्षं वय लागतं. स्वातंत्र्यलढ्यात ज्या गावाचं नाव देशभर गेलं, तिथला सर्वांत अभिमानाचा काळ अजून कायद्याच्या वयात आलेला नाही. तिथे संरक्षण असेल तर ते गावाच्या समजूतदारपणाचंच.

यावर पहिला आक्षेप हमखास येतो: यंत्रवाल्याच्या खुरप्याला काय नावं ठेवता, ट्रॅक्टर आणि जेसीबी त्याच्या हजारपट उलथापालथ करतात. पांढरीची माती पिढ्यान् पिढ्या घरं लिंपायला आणि वावरात टाकायला जाते. तलावांचा गाळ सरकारी योजनेतूनच उपसून शेतांत पसरला जातो. आक्षेप खरा आहे, आणि त्यातूनच एक उपयोगी भेद हाती येतो. नांगरटीचा थर आधीच ढवळलेला असतो. स्वस्त यंत्राची पोचही साधारण तेवढ्याच खोलीपर्यंत. अशा थरातली सुटी वस्तू नोंद करून उचलली तर नुकसान थोडं आणि फायदा बराच, कारण पुढच्या नांगराला ती तुटू शकते, खतांनी झिजू शकते. म्हणून नोंदीच्या अटीवर वावरातला शोध मला समर्थनीय वाटतो. जंगलाची गोष्ट वेगळी. तिथली माती शेकडो वर्षं नांगराला ठाऊक नाही. गडाच्या बुरुजातला, उपसा न झालेल्या रिठावरचा, शिळावर्तुळातला प्रत्येक थर अजून जागच्या जागी आहे. तिथे खणलेला एक हातभर खड्डासुद्धा कधीच न भरणारा असतो. चंद्रपूर-गडचिरोलीत जंगल इतकं राखून राहिलं आहे म्हणूनच हे जिल्हे पुरातत्त्वाच्या दृष्टीनं श्रीमंत आहेत, आणि म्हणूनच यंत्राला इथे सगळ्यांत कडक बंधन हवं.

जंगलात दुसरीही कारणं आहेत. २०१२ च्या उन्हाळ्यात ताडोब्याच्या पळसगाव भागात पाणवठ्याजवळ शिकाऱ्यांनी पुरलेल्या पोलादी सापळ्यात वाघ अडकून मेला. पळसगाव चिमूर तालुक्यातच येतं. असे सापळे पाचोळ्याखाली दिसत नाहीत. ते शोधायला देशातल्या व्याघ्रप्रकल्पांतल्या वनरक्षकांना मेटल डिटेक्टर आणि त्याचं प्रशिक्षण देण्याचे प्रयत्न झाले. म्हणजे या जंगलात यंत्राचं पहिलं काम ठरलेलं आहे, आणि ते वाघ वाचवण्याचं आहे. रात्री चकती फिरवणारा माणूस नाणी शोधतोय की पुरलेला सापळा, हे वनरक्षकाला दुरून कसं कळावं? गडचिरोलीत तर सुरुंगांचा इतिहास रक्ताचा आहे. १ मे २०१९ ला जांभूळखेड्यात पंधरा पोलीस आणि त्यांच्या गाडीचा चालक स्फोटात गेले. तिथल्या रानवाटेवर आवाज देणारी वस्तू खुरप्यानं उकरून पाहणं ही हौस म्हणता येत नाही. राखीव जंगलात विनापरवाना शिरून खोदकाम करणं १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाखाली गुन्हा आहे, संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटर क्षेत्र प्रतिबंधित आहे, हे सगळं आहेच. पण कायद्याआधी साधी माणुसकी येते. गोंड-माडियांच्या दफनाच्या जागा, मृतांसाठी उभे केलेले दगड, पेनठाणी ही त्यांची जिवंत श्रद्धास्थानं आहेत. तिथे धातू वाजला तर तो कुणाच्या तरी आजोबांचा आहे.

दुसरा आक्षेप: इंग्लंडात हे राजरोस चालतं, मग आपल्यालाच सोवळं कशाला? चालतं, पण कशाच्या जोरावर ते पाहायला हवं. तिथे १९९६ चा ट्रेझर ॲक्ट आहे, आणि १९९७ पासून पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम नावाची व्यवस्था आहे: जिल्ह्याजिल्ह्यांत अधिकारी बसतो, शेतकरी आणि यंत्रवाले वस्तू घेऊन येतात, तो जागा, माप, छायाचित्र नोंदवतो आणि बहुतेक वस्तू परत देतो. अशा पंधरा लाखांहून जास्त वस्तूंची नोंद झाली आहे. २००९ मध्ये टेरी हर्बर्ट यांना जुन्या साध्या यंत्रानं स्टॅफर्डशायरच्या शेतात सातव्या शतकातलं सोनं सापडलं. त्यांनी कळवलं, पुरातत्त्वज्ञांनी शेत खणलं, आणि बाजारभावानं ठरलेले सुमारे ३२ लाख ८५ हजार पौंड शोधणारा व जमीनमालक यांच्यात वाटले गेले. उलट २०१५ मध्ये हेरेफर्डशायरला दोघांनी व्हायकिंग काळातला साठा लपवून विकायला काढला. अंदाजे तीनशे नाण्यांपैकी जेमतेम तीसेक परत मिळाली, आणि २०१९ मध्ये दोघांना अनेक वर्षांची कैद झाली. हाती आली तेवढ्या नाण्यांवरूनही दोन इंग्लिश राजांच्या संबंधांविषयी नवं कळलं. बाकीच्यांवर काय होतं ते गेलंच. शेजारच्या आयर्लंडनं दुसरी वाट धरली: १९८० मध्ये डेरीनाफ्लानचा चर्चच्या भांड्यांचा साठा डिटेक्टरनं निघाला, मोठा वाद झाला, आणि १९८७ पासून परवान्याशिवाय पुरावस्तू शोधायला यंत्र वापरणं गुन्हा ठरलं. दोन्ही देशांकडे एक स्पष्ट धोरण आहे. आपल्याकडे यंत्र मोकळं आहे आणि नोंदीची व्यवस्था नाही, म्हणजे दोन्हींमधलं वाईट तेवढं आहे.

तिसरा आक्षेप गावात सर्वांत जास्त ऐकू येतो: कळवलं तर सरकार सगळं घेऊन जाणार, वर चौकशीचा ससेमिरा. यातलं पहिलं अर्धसत्य आहे. १८७८ चा भारतीय निखात निधी अधिनियम अजून लागू आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्याला काय, किती, कुठे, कधी हे लेखी कळवायचं. तो जाहिरात काढतो, दावेदारांना चार ते सहा महिन्यांची मुदत देतो. मालक निघाला नाही तर तीन चतुर्थांश वाटा शोधणाऱ्याचा, एक चतुर्थांश जमीनमालकाचा. लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद. कायदा शोधणाऱ्याला उघडा पाडत नाही, उलट मोठा वाटा देतो. मग लोक का लपवतात? एक कारण कायद्यातच आहे. सरकारला ठेवा हवा असेल तर त्यानं द्यायचे ते निव्वळ धातूचे दाम आणि वर एक पंचमांश. म्हणजे तऱ्हाळ्याच्या पोटीन नाण्यांची किंवा एखाद्या वाकाटक ताम्रपटाची कायदेशीर किंमत भंगाराच्या भावावर वीस टक्के. चोरट्या बाजारातला दलाल त्याच्या कितीतरी पट मोजतो. इंग्लंडनं बाजारभाव कबूल करून ही स्पर्धा जिंकली. आपण १८७८ च्या तराजूनं ती रोज हरतो. दहा रुपयांची मर्यादाही तशीच पडून आहे, आणि जागेची माहिती जपणाऱ्याला वेगळं बक्षीस नाही.

चौथा आक्षेप अधिक गंभीर आहे. हा वारसा कुणाचा? जंगलातल्या माणसाला सांगायचं हात लावू नको, आणि वस्तू नागपूर-मुंबईच्या संग्रहालयाच्या पेटीत जाऊन बसणार. नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय १८६३ पासून आहे आणि त्यानं विदर्भाचं बरंच वाचवलं, पण चिमूर किंवा अहेरीच्या मुलाला ते पाहायला दिवस मोडावा लागतो. या आक्षेपाचं उत्तर २००६ च्या वनहक्क कायद्यात सापडतं. त्याचं पाचवं कलम ग्रामसभेला आपल्या सांस्कृतिक आणि नैसर्गिक वारशाचा विध्वंस रोखण्याचा अधिकार देतं. मेंढा-लेखासारख्या गावानं २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून जंगल कसं सांभाळायचं ते दाखवलं. जी ग्रामसभा बांबूचा हिशेब ठेवते तिला सापडलेल्या वस्तूंची एक वही ठेवणं जड जाणार नाही. वहीत जागा, तारीख, खोली, शेजारी काय होतं, छायाचित्र. वस्तू पुढे कुठेही गेली तरी ती कुणाच्या शिवारातून निघाली हे त्या गावाच्या नावावर राहील.

म्हणून करायच्या गोष्टी आवाक्यातल्या आहेत. तहसील कार्यालयात सापडलेल्या वस्तूंसाठी एक नोंदवही आणि ठरलेला माणूस. पोलीस पाटील आणि तलाठ्याला एक दिवसाचं प्रशिक्षण. महिन्यातून एकदा विद्यापीठाच्या किंवा राज्य पुरातत्त्व खात्याच्या जाणकाराची तालुक्याला फेरी. आणि कायद्यात धातूच्या वजनाऐवजी ऐतिहासिक मोलानुसार मोबदला. ज्यांना यंत्राची हौस आहेच त्यांना शेडमाक्यांच्या रणभूमीसारख्या ठिकाणी अभ्यासकांच्या देखरेखीखाली रांगेत चालवावं, झेंडे रोवायला लावावेत. स्वतःच्या वावरात यंत्र वाजलं तर वागायची रीतही सोपी आहे. नांगरटीच्या थराखाली जाऊ नये. एकाहून जास्त वस्तू, मडक्याचा काठ, हाड किंवा दगडांची रचना दिसली की हात थांबवावा. धुऊ नये, घासू नये. मोबाइलवर छायाचित्र आणि जागेचे अक्षांश-रेखांश टिपावेत आणि त्याच दिवशी कळवावं. यातलं काहीही महाग नाही. यंत्राची किंमत बाजारानं केव्हाच उतरवली. प्रामाणिकपणे कळवणाऱ्याला आज जी किंमत मोजावी लागते ती उतरवणं शासनाच्या हातात आहे, आणि ती उतरत नाही तोवर प्रत्येक नवं यंत्र दलालाच्याच कामी येणार.